रुग्णालयातल्या गाऊन-स्क्रबांना आरएफआयडी टॅग: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

धुवून पुन्हा वापरायचे गाऊन, स्क्रब, रुग्णांचे कपडे आणि ड्रेप (शस्त्रक्रियेत रुग्णावर पांघरायच्या चादरी) यांना टॅग लावायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाला बसण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. आरएफआयडी टॅग म्हणजे रीडर नावाच्या यंत्राने विचारल्यावर रेडिओ लहरींनी आपला क्रमांक सांगणारी छोटी चिप. कपडा आत्ता कुठे आहे हे टॅगला माहीत नसतं. तो शेवटचा कुठल्या रीडरसमोरून कधी गेला, एवढीच नोंद तुमच्या हाती येते. त्यानंतर तो वॉर्डाच्या कपाटात आहे, कुणाच्या लॉकरमध्ये आहे की चुकून कचऱ्याच्या पिशवीत गेला, हे तर्कानेच काढावं लागतं. त्यामुळे कोणता टॅग घेतला यापेक्षा रीडर कुठे बसवले आणि त्या वाचनाचा अर्थ काय लावला, यावर या कामाचं यश ठरतं. टॅगची निवड सोपी असते. गोंधळ दारांवर होतो.

१. आधी ठरवा: नेमकं काय मोजायचं?

सहसा तीन कारणं पुढे येतात आणि प्रत्येकाला लागणारी मांडणी वेगळी असते.

पहिलं कारण धुलाया मोजण्याचं. ऑपरेशन थिएटरमधल्या (ओ.टी.) गाऊनचं कापड रक्त आणि पाणी अडवतं, पण धुलाई आणि निर्जंतुकीकरणाच्या प्रत्येक फेरीत ही क्षमता थोडी थोडी कमी होत जाते. म्हणून किती फेऱ्यांनंतर गाऊन बाद करायचा हे उत्पादक लिहून देतो. ७५ हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण तुमच्या गाऊनची मर्यादा त्याच्याच सूचनापत्रात बघा. टॅग नसतात तिथे गाऊनवर छापलेल्या चौकटींत पेनने खुणा करतात. खूण राहून जाते, पुसट होते, कधी दोनदा होते. टॅगचा सर्वांत भक्कम उपयोग इथे आहे, आणि तो रुग्णाच्या व डॉक्टरच्या सुरक्षिततेशी थेट जोडलेला आहे.

दुसरं कारण गहाळ होणाऱ्या कपड्यांचं. बाहेरच्या लाँड्रीला १०० गेले आणि ९४ आले, तर उरलेले ६ कुणाच्या बाजूला राहिले, हा रोजचा वाद. तिसरं कारण स्क्रबच्या वाटपाचं: प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावावर ठरावीक जोड, एक परत केला की दुसरा मिळणार.

तिन्ही एकदम सुरू करू नका. धुलाया मोजायला लाँड्रीच्या बाहेर पडण्याच्या दारावर एक भरवशाचा रीडर पुरतो. गहाळ कपड्यांसाठी दोन्ही बाजूंच्या हस्तांतराच्या जागी रीडर लागतात. वाटपासाठी कपाटं, परतीच्या पेट्या आणि कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं जोडावी लागतात. खर्च आणि डोकेदुखी याच क्रमाने वाढत जातात.

२. टॅग निवडा

एका वेळी पिशवीभर कपडे वाचायचे असतील तर यूएचएफ, म्हणजे ८६० ते ९६० मेगाहर्ट्झमधला, बॅटरी नसलेला टॅग घ्यायचा. त्याचं मानक आयएसओ १८०००-६३. बाजारात त्याला जेन२ म्हणतात. १३.५६ मेगाहर्ट्झचे बटणासारखे गोल टॅग अजूनही गणवेशांवर दिसतात. ते दणकट असतात, ओल्या कपड्यातही बरे चालतात, पण रीडरच्या अगदी जवळ आणावे लागतात. ब्लूटूथच्या बॅटरीवाल्या टॅगचा मोह टाळा. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि पिळण्याच्या प्रेसमधून रोज जाणाऱ्या कपड्यात बॅटरीचं काय होणार?

यूएचएफमध्येही कोणती पट्टी वापरायची हे देशाच्या रेडिओ नियमांवर ठरतं. काही ठिकाणी ८६५ ते ८६८ चालते, काही ठिकाणी ९०२ ते ९२८. टॅग बहुधा दोन्हीकडे प्रतिसाद देतो, पण रीडर मात्र तुमच्या पट्टीचाच हवा. दुसऱ्या पट्टीचा रीडर स्वस्तात मिळाला म्हणून लावला तर तो नियमबाह्य ठरतो आणि मोबाइल सेवेच्या लहरींत घुसू शकतो.

माहितीपत्रकात या गोष्टी तपासा:

- धुलायांची हमी. २०० धुलाया किंवा ३ वर्षं, जे आधी होईल ते, अशी हमी सर्रास दिसते. वर्षं कारखान्यातून निघाल्यापासून मोजतात की कपड्यावर लावल्यापासून, हे विचारून घ्या.
- पिळण्याच्या प्रेसचा दाब. मोठ्या लाँड्रीत तो ४० ते ६० बारपर्यंत असतो. तुमच्या प्रेसचा खरा आकडा लाँड्रीकडून लेखी घ्या.
- ऑटोक्लेव्ह. गाऊन १३४ अंश सेल्सिअसला जात असेल तर टॅगवर तेवढं तापमान, वेळ आणि फेऱ्यांची संख्या, तिन्ही लिहिलेलं हवं. ‘उष्णतारोधक’ या एका शब्दावर विसंबू नका.
- रसायनं. क्लोरीन, परॲसेटिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी तुमच्या धुलाईत जे असेल ते.
- एमआरआयचा चाचणी अहवाल. याबद्दल पुढे सातव्या पायरीत.

कापडी टॅग साधारण ७ सेंटिमीटर लांब आणि बोटाएवढा रुंद असतो. मध्ये चिपचा छोटा ठिपका आणि दोन्ही बाजूंना धातूच्या बारीक धाग्याचा अँटेना. चिपचा ठिपका कडक आणि धागा मऊ, त्यामुळे दोन्ही जिथे भेटतात तिथेच वारंवार घडी पडली की टॅग दगावतो. हा तपशील पुढच्या पायरीसाठी लक्षात ठेवा.

३. जागा ठरवा आणि टॅग लावा

या पायरीवर घाई करू नका. हजार कपड्यांवर चुकीच्या जागी लावलेला टॅग काढून परत लावणं हे मूळ कामाच्या दुप्पट काम आहे.

पहिला नियम: सर्जिकल गाऊनच्या छातीवर, पोटावर आणि बाह्यांच्या खालच्या भागावर सुई लागता कामा नये. हेच भाग द्रव अडवण्यासाठी असतात, आणि टाक्याचं प्रत्येक भोक म्हणजे गळतीची वाट. टॅग पाठीमागच्या भागात, खालच्या दुमडीत किंवा मानेमागच्या पट्टीत बसवा. तिथेही शिवण्यापेक्षा उष्णतेने चिकटणारी पट्टी बरी. कोणतीही जागा ठरवण्याआधी गाऊनच्या उत्पादकाची लेखी संमती घ्या. त्याच्या परवानगीविना केलेला बदल गाऊनचा दर्जा आणि हमी दोन्ही धोक्यात आणतो. नवे गाऊन मागवत असाल तर टॅग कारखान्यातच बसवून मागा, कटकट वाचते.

स्क्रब आणि रुग्णांच्या कपड्यांना शिवणीचा खिसा उत्तम. दुमडीच्या आत टॅगपेक्षा थोडा मोठा कप्पा करा, टॅग सुटा सरकवा आणि चारही बाजू बंद करा. टाका टॅगच्या कडेपासून ३-४ मिलिमीटर लांब राहू द्या. टॅगवरूनच मशिन चालवलं तर सुई चिप फोडते किंवा अँटेनाचा धागा तोडते. धागा तुटलेला टॅग पूर्ण मरत नाही, जवळून वाचला जातो आणि लांबून नाही. असे अर्धमेले टॅग शोधणं मेलेल्यांपेक्षा अवघड.

चिकटवायचे टॅग २०० अंशांच्या आसपास, १२ ते १५ सेकंद दाबून बसतात. नेमका आकडा टॅगच्या पत्रकातून घ्या आणि आधी बाद झालेल्या कपड्यावर करून बघा. पॉलिएस्टरवर तापमान जरा चढलं की कापड चकाकतं, मग कडक होतं. कमी पडलं तर कडा पाचव्या-सहाव्या धुलाईत सुटायला लागतात. बसवून झाल्यावर गार होऊ द्या, मग कोपरा नखाने उचलून बघा. नख आत शिरलं तर ती बॅच पुन्हा दाबा.

दुसरा नियम घडीचा. इस्त्री-घडीचं यंत्र सगळे कपडे एकसारखे घडी करतं, म्हणजे थप्पीतले सगळे टॅग अगदी एकावर एक येतात. इतके चिकटून बसलेले अँटेना एकमेकांना झाकतात आणि एकमेकांची वारंवारता ढळवतात. ५० च्या थप्पीत मधलेच टॅग गायब दिसतात ते यामुळे. उपाय सोपा आहे: निम्म्या कपड्यांना टॅग डाव्या टोकाला लावा, निम्म्यांना उजव्या. मापाप्रमाणे विभागलं तर शिलाई करणाऱ्यांच्याही लक्षात राहतं.

काही सर्जिकल कापडांत स्थिर वीज घालवण्यासाठी कार्बनचे धागे विणलेले असतात. अशा कापडावर टॅग लावून वाचनाचं अंतर मोजा, मगच खरेदी करा.

आणि शिशाचे एप्रन. क्ष-किरण विभाग लगेच विचारतो, ‘आमचेही करा ना.’ ते धुवायचे नसतात, त्यांची ठरावीक काळाने तपासणी असते, आणि शिसं रेडिओ लहरी अडवतं. एप्रनच्या अंगाला चिकटवलेला साधा टॅग वाचलाच जात नाही. खांद्याच्या पट्ट्यावर लोंबता टॅग किंवा धातूवर चालणारा खास टॅग लागतो. हा वेगळा प्रकल्प समजा.

४. क्रमांक द्या

टॅगमध्ये ईपीसी नावाचा, बहुतेक वेळा ९६ बिटांचा, क्रमांक लिहिता येतो. त्याशिवाय टीआयडी हा कारखान्यात कोरलेला, बदलता न येणारा क्रमांक असतो. जीएस१ या बारकोड क्रमांक देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं सदस्यत्व असेल तर परत येणाऱ्या मालमत्तेसाठीचा जीआरएआय हा प्रकार वापरा. तो याच कामासाठी आहे.

मनाने ०००१ पासून क्रमांक देऊ नका. तुमच्या लाँड्रीत इतर रुग्णालयांचेही कपडे येतात. त्यांनीही ०००१ पासून सुरुवात केली असेल तर कपडे वाचण्यासाठी ज्यातून सोडतात त्या एकाच बोगद्यात दोन ‘०००१’ भेटतात आणि कुणाच्या तरी गाऊनची धुलाई दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. नवे टॅग आल्यावर खोक्यातल्या टॅगांचे ईपीसी वाचून एकसारखे क्रमांक आहेत का ते बघा. स्वस्त मालात ते सापडतात.

क्रमांक लिहून झाला की ईपीसीची जागा ३२ बिटांच्या पासवर्डने कुलूपबंद करा. पासवर्ड शून्यावर सोडला तर कुलपाचा काही उपयोग नाही. टॅगमध्ये कर्मचाऱ्याचं किंवा रुग्णाचं नाव कधीही लिहू नका. फक्त क्रमांक. बाकी सगळं डेटाबेसमध्ये.

आधीपासून वापरात असलेल्या गाऊनला टॅग लावताना त्याच्या चौकटीतल्या खुणा मोजून तो आकडा सुरुवातीची धुलाईसंख्या म्हणून भरा. खुणा वाचता येत नसतील तर तो गाऊन ओ.टी.तून बाहेर काढा. शून्यापासून मोजणी सुरू करणं म्हणजे जुन्या गाऊनला नवं आयुष्य बहाल करणं.

५. दारं निवडा

कपड्याचा प्रवास कागदावर काढा: वापर, मळक्या कपड्यांची पिशवी, वॉर्डातून उचल, लाँड्रीत आगमन, धुलाई, वाळवण-इस्त्री, तपासणी, निर्जंतुकीकरण, साठा, वाटप. या साखळीत जिथे जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तिथेच रीडर लावा. इतर ठिकाणी लावलेल्या रीडरमधून माहिती बरीच येते, उपयोग थोडा होतो.

स्वच्छ माल बाहेर पडण्याचं दार सर्वांत महत्त्वाचं. इथे कपडे कोरडे, घडी केलेले, मोजके असतात. तुमची धुलाईसंख्या इथूनच येणार, म्हणून इथे धातूने आतून मढवलेला बोगदा किंवा बंद कपाटासारखं कक्ष घ्या. आतल्या लहरी आत राहतात, बाहेरचे टॅग आत शिरत नाहीत.

मळक्या मालाचं दार संसर्ग-नियंत्रणाच्या दृष्टीने जास्त मोलाचं. मळके कपडे झटकू नयेत, शक्यतो हाताळू नयेत, आणि हाताने मोजायचं म्हटलं की नेमकं तेच होतं. टॅग असेल तर पिशवी न उघडता मोजता येते. पण इथे वाचन कमी येणार हे मान्य करून चला. पाणी यूएचएफ लहरी शोषून घेतं, त्यामुळे रक्ताने किंवा सलाइनने भिजलेल्या गाऊनचा टॅग कधी कधी दिसतच नाही. मोकळ्या हवेत काही मीटरवरून वाचला जाणारा टॅग ओल्या गठ्ठ्याच्या मध्यात हातभर अंतरावरूनही मुका राहतो. पिशव्या अर्ध्या-पाऊण भरलेल्या ठेवल्या आणि सरकपट्ट्यावर एकेक पुढे सोडल्या तर आकडा सुधारतो. ट्रॉलीत सहा पिशव्या कोंबून दारातून ढकलल्या तर नाही.

ट्रॉलीवरून आठवलं: लोखंडी जाळीची ट्रॉली हा या व्यवसायातला जुना शत्रू. या लहरींची लांबी सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटर असते. जाळीची भोकं त्याहून बरीच लहान असली की लहर बाहेरच अडते, डोळ्यांना आरपार दिसत असलं तरी. रीडरसमोर जाताना प्लॅस्टिकची ट्रॉली वापरा किंवा कापडी पिशवीचा सांगाडा.

फेरधुलाईचा कोपरा बहुतेक जण विसरतात. तपासणीत डाग दिसलेला गाऊन पुन्हा यंत्रात जातो, दारातून बाहेर न पडताच. ती धुलाईही कापडाला झिजवतेच. तपासणीच्या टेबलाशी हातातला एक छोटा रीडर ठेवा आणि ‘फेरधुलाई’ असं एक बटण. इस्त्रीच्या गरम टेबलापासून त्याची जागा थोडी दूर असू द्या.

दारातून चालत जाणाऱ्या माणसाच्या अंगावरचा स्क्रब वाचायचा बेत असेल तर सोडून द्या. माणसाचं शरीर बव्हंशी पाणी आहे, अंगाला चिकटलेला टॅग कधी वाचला जाईल, कधी नाही. शिवाय कर्मचाऱ्यांना आपल्यावर पाळत ठेवली जातेय असं वाटतं, आणि एकदा तसं वाटलं की टॅग कात्रीने कापले जातात.

६. रीडर जुळवा

एका रीडरला चार किंवा आठ अँटेना जोडता येतात. वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे अँटेना घ्या, कारण पिशवीत टॅग कुठल्याही दिशेला वळलेला असतो. अँटेना एकाच बाजूला लावू नका. वर, खाली आणि दोन्ही बाजू असे चार ठेवा. टॅगच्या टोकाच्या दिशेने पाहणाऱ्या अँटेनाला तो जवळजवळ दिसत नाही. दुसरीकडचा अँटेना ही उणीव भरून काढतो.

शक्ती पूर्ण चढवून ठेवायची सवय वाईट. रीडरवर शक्ती डीबीएममध्ये दिसते: ३० डीबीएम म्हणजे १ वॅट, आणि ३ डेसिबल उतरवले की शक्ती निम्मी. जास्त शक्तीवर तीन मीटरवर उभी असलेली स्वच्छ कपड्यांची ट्रॉलीही ‘बाहेर गेली’ म्हणून नोंदली जाते. आधी शक्ती उतरवा, मग कमकुवत सिग्नलची वाचनं गाळा, आणि दारावर दोन प्रकाश-संवेदक लावा. आधी कुठला झाकला गेला यावरून माल आत चालला की बाहेर, ते कळतं. माल नसताना रीडर बंदच राहू द्या.

आता एक असा सापळा, ज्याचं कारण लवकर उमगत नाही. जेन२ मध्ये ‘सेशन’ नावाची सोय आहे. सेशन २ किंवा ३ वर टॅग एकदा उत्तर देऊन गप्प बसतो, म्हणजे बाकीच्यांना बोलायला जागा मिळते. भरलेल्या पिशवीसाठी हे छान आहे. पण रीडरची शक्ती गेल्यावरही ही शांतता मानकाप्रमाणे किमान २ सेकंद टिकते, प्रत्यक्षात बऱ्याच चिपांत त्याहून खूप जास्त. म्हणून एका दारातून वाचून लगेच दुसऱ्या रीडरकडे गेलेली पिशवी तिथे रिकामी दिसते! जवळजवळच्या दोन रीडरना वेगवेगळे सेशन द्या, किंवा आळीपाळीने ‘ए’ (अजून उत्तर न दिलेले) आणि ‘बी’ (उत्तर देऊन गप्प बसलेले) अशा दोन्ही अवस्थांतले टॅग विचारायला सांगा.

क्यू नावाची दुसरी सेटिंग एका फेरीत उत्तरांसाठी किती जागा ठेवायच्या ते ठरवते: २ चा क्यू-वा घात. पिशवीत ६० च्या आसपास कपडे असतील तर ६ पासून सुरुवात करा, म्हणजे ६४ जागा, आणि पुढे रीडरला आपोआप कमीजास्त करू द्या.

७. उपकरणं आणि एमआरआय

हे काम आयटी विभागावर सोडून देऊ नका. बॅटरी नसलेला टॅग स्वतःहून काही प्रक्षेपित करत नाही, धोका रीडरकडून असतो. २००८ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या डच अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या ४१ उपकरणांवर १२३ चाचण्या झाल्या. ३४ वेळा अडथळा आला आणि त्यातले २२ धोकादायक ठरले. सिरिंज पंप थांबणं, व्हेंटिलेटर बंद पडणं असे प्रकार त्यात होते. पुढे अशा चाचण्यांसाठी एआयएम ७३५१७३१ हे मानक आलं. नवी उपकरणं घेताना त्याप्रमाणे चाचणी झाली आहे का, ते विचारा.

सरळ नियम असा: स्थिर रीडर रुग्ण असलेल्या जागेत लावू नका. अतिदक्षता, ओ.टी. आणि नवजात कक्षाच्या आत हातातला रीडरही न्यायचा नाही. त्या भागाचे कपडे बाहेरच्या मार्गिकेत मोजा. आणि मार्गिकेतून रुग्ण व्हेंटिलेटरसह नेले जात असतील तर तीही जागा बाद.

एमआरआयसाठी टॅगच्या १.५ आणि ३ टेस्लाच्या (यंत्राच्या चुंबकाची ताकद) चाचणीचा अहवाल मागा. टॅगमध्ये धातूचा अँटेना आहे, आणि तो रुग्णाच्या अंगाशी असेल तर तापण्याचा आणि प्रतिमा बिघडण्याचा प्रश्न येतो. अहवाल हातात असला तरी एमआरआयच्या रुग्णांसाठी वेगळ्या रंगाचे, टॅग नसलेले गाऊन ठेवणं सर्वांत सोपं.

८. वाचनाचा अर्थ लावा

सॉफ्टवेअरला नियम तुम्ही द्यायचे आहेत. विक्रेता देईल ते त्याच्या मागच्या ग्राहकाचे असतील.

धुलाई कशाला म्हणायचं? प्रत्येक वाचनाला एक धुलाई मोजली तर बोगद्यात अडकून दोनदा गेलेला गाऊन दोन फेऱ्यांनी म्हातारा होतो. ‘मळका आत’ नंतर ‘स्वच्छ बाहेर’ अशी जोडी झाली तरच मोजायचं ठरवलं, तर मळक्या दारावर न दिसलेल्या ओल्या गाऊनची धुलाई बुडते, आणि ही चूक जास्त धोक्याची. म्हणून मोजणी ‘स्वच्छ बाहेर’वर बांधा, आणि आधीच्या ‘स्वच्छ बाहेर’पासून किमान अमुक तास गेलेले असावेत अशी अट घाला. हे तास म्हणजे तुमच्या लाँड्रीत एक कपडा कमीत कमी किती वेळात फिरून येऊ शकतो तेवढे. फेरधुलाई वेगळी मोजून त्यात मिळवा. निर्जंतुकीकरणाची फेरी वेगळ्या रकान्यात, कारण न वापरलेलं पाकीट मुदत संपल्याने नुसतंच पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये जातं.

न दिसलेला कपडा लगेच ‘गहाळ’ ठरवू नका. हिशोब करून बघा: रोज १,००० कपडे जातात आणि शेकडा एक वाचला जात नाही, तर रोज १० आणि महिन्याला ३०० खोटे गहाळ. लाँड्रीला असं पत्र एकदा गेलं की पुढे खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. ‘३० दिवस कुठल्याच दारावर दिसला नाही तर शोधयादीत, ९० दिवसांनी गहाळ’ असे टप्पे ठेवा. मोजणी वॉर्डनिहाय पाहा. एकाच वॉर्डातून सतत कपडे दिसेनासे होत असतील तर चोरी समजण्याआधी तिथली कपाटं उघडून बघा. तुटवडा पडेल या भीतीने सिस्टर मंडळींनी साठवून ठेवलेले गठ्ठे बहुतेक वेळा तिथेच निघतात, आणि त्यात चूक त्यांची नसते, पुरवठ्याची असते.

गाऊनची मर्यादा संपली की तो आपोआप अडला पाहिजे. मर्यादेच्या ५ फेऱ्या आधी सूचना, मर्यादेला बोगद्यावर लाल दिवा. सूचना नुसती अहवालात आली तर ती कुणी वाचत नाही.

९. छोट्या तुकडीवर पारखून घ्या

एका विभागाचा एकच प्रकारचा कपडा घ्या, साधारण १०० ते २००. संपूर्ण रुग्णालयाचा करार करण्याआधी किमान ३० धुलाया होऊ द्या. नव्या टॅगवरची चाचणी नेहमीच सुंदर येते. बोगद्यासाठी १०० कपड्यांची थप्पी १० वेळा सोडा आणि प्रत्येक वेळी कोणता टॅग सुटला हे क्रमांकासह लिहा. दर वेळी तोच सुटत असेल तर टॅग खराब. दर वेळी वेगळा सुटत असेल तर मांडणी खराब. हीच चाचणी दमट कपड्यांवर, भरलेल्या पिशवीवर आणि तुमच्या नेहमीच्या ट्रॉलीसह वेगवेगळी घ्या. विक्रेत्याने स्वतःची ट्रॉली आणली असेल तर ती बाजूला ठेवा.

धुलाईचं तापमान टॅगसाठी कमी करायचा सल्ला मिळाला तर तो ऐकू नका. ६५ अंशांना १० मिनिटं किंवा ७१ अंशांना ३ मिनिटं, आणि त्यावर पाणी सारखं तापायला लागणारा वेळ, असे उष्णतेने जंतुनाश करण्याचे निकष असतात. टॅगने त्यात टिकायचं आहे, निकषाने टॅगसाठी वाकायचं नाही.

१०. जवळ काय असावं

कागदपत्रं:
- कपड्यांची मूळ यादी: प्रकार, माप, संख्या, खरेदीचं वर्ष
- गाऊन उत्पादकाचं प्रक्रियापत्र, फेऱ्यांची मर्यादा आणि टॅगच्या जागेला लेखी संमती
- लाँड्रीचं प्रक्रियापत्र: तापमान, वेळ, रसायनं, प्रेसचा दाब
- टॅगचं माहितीपत्रक, हमीच्या अटी, एमआरआय अहवाल
- रीडरच्या रेडिओ मान्यतेचं प्रमाणपत्र
- संसर्ग-नियंत्रण समिती आणि बायोमेडिकल विभागाची मंजुरी
- लाँड्रीशी करार: कोणत्या दारावरचं वाचन दोघांना मान्य, आणि वाद झाला तर हाताने मोजणी कुणाच्या समोर
- कर्मचाऱ्यांसाठी एक पानाचं निवेदन: काय नोंदलं जातं, काय नाही, आणि कपडा परत केल्यावर नावाची जोडणी कधी पुसली जाते

साहित्य: टॅग (कपड्यांच्या संख्येपेक्षा ५ टक्के जास्त), हीट प्रेस किंवा शिलाई मशिन, टेबलावरचा क्रमांक लिहिणारा रीडर, हातातला एक रीडर, बोगदा, अँटेना आणि त्यांच्या केबल. केबल आखूड ठेवा, लांब केबलमध्ये शक्ती वाटेतच मुरते.

११. सुरू झाल्यावर

रोज सकाळी एक ठरलेला ‘साक्षीदार’ गठ्ठा, म्हणजे क्रमांक माहीत असलेले २० टॅग, प्रत्येक दारातून न्या. २० पैकी २० आले नाहीत तर त्या दिवसाच्या आकड्यांवर शिक्का मारू नका. अँटेनाची केबल ट्रॉलीच्या धक्क्याने सैल होणं हे कारण सर्वाधिक वेळा निघतं.

टॅग बंद पडलेल्या कपड्यासाठी वाट ठरवून ठेवा. तपासणीच्या टेबलावर ‘टॅग नाही’ अशी टोपली हवी. सर्जिकल गाऊन असेल आणि त्याचा जुना क्रमांक कळत नसेल, तर त्याला नवा टॅग लावून ओ.टी.त पाठवायचं नाही. तो इतर कामाला जाईल. प्रत्येक कपड्यावर टॅगच्या क्रमांकाचे शेवटचे काही अंक न पुसणाऱ्या शाईने छापलेले असतील तर हा प्रसंगच येत नाही.

बाद केलेल्या कपड्यातून टॅग कापून काढा आणि प्रणालीत त्याची नोंद ‘बाद’ करा. हे राहून गेलं तर फाडून पोतेरं केलेला गाऊन सफाईच्या बादलीत बसून पुढची दोन वर्षं लाँड्रीच्या दारावर हजेरी लावत राहतो, आणि तुमच्या अहवालात ओ.टी.चा एक गाऊन ९३ फेऱ्या होऊनही वापरात दिसतो.